बारा ठिपक्यांचा धूमकेतू

व्याही आले, ओसरीवर टेकले, आणि रुक्मिणीबाईंनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातानं बाजूला सारला. लग्न वीस दिवसांवर आलेलं, पत्रिका नंदुरबारला छापायला टाकलेल्या, आणि मुलाचा बाप मुलीच्या घरचं पाणी घेत नाही, म्हणजे लक्षण काही धड नव्हतं.

"पानी नको, याहीन," चुनीलाल पाटील म्हणाले. "पानी पिधं त बोलानं ऱ्हाई जाई."

"बोला ना मंग," रुक्मिणीबाईंचे यजमान, गिरधर गुरुजी, म्हणाले.

चुनीलाल पाटलांनी एक बोट वर केलं. वर ओसरीचं छप्पर होतं. पण त्यांना छपराच्याही वरचं काहीतरी दाखवायचं आहे, हे गुरुजींना लगेच कळलं. १९५७ सालच्या त्या एप्रिलात सगळा मुलूखच वर बघत होता. दिवस मावळला की तळोद्याच्या वायव्येला, सातपुड्याच्या डोक्यावर, एक शेपटीवाला तारा निघायचा आणि चुलीवरच्या भाकरी करपेपर्यंत बाया-माणसं माना वर करून उभी राहायची.

"आकाशमा झाडू निंघेल शे," चुनीलाल म्हणाले. "कोनी म्हनस झाडू शे, कोनी म्हनस केस मोकळा सोडेल बाई शे. जे काय व्हई ते वंगाळच. अशा टाइमले मी आंडोरनं, मन्हा रतिलालनं, लगीन लावू का? आपन पुढला साल दखसूत."

'पुढला साल' म्हणजे काय, हे सांगायला पंचांग लागत नाही. पुढच्या सालावर गेलेलं लग्न त्या भागात पुन्हा या सालात आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. वर गाव विचारणार, "पोरीत काय खोट निघाली?" दाराआड उभ्या असलेल्या सरलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला मुलगा पसंत होता. तसं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता गिरधर गुरुजी म्हणजे तळोद्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर. वीस वर्षं त्यांनी गावातल्या एकूण एक अंधश्रद्धेशी वैर धरलेलं. मांजर आडवं गेलं की हे मुद्दाम वळून त्याच्या मागोमाग जायचे, मग भले जायचं दुसरीकडे असो. त्यांची आणखी एक गंमत होती. शिकवायची लहर आली की ते शाळेतली शुद्ध मराठी बोलायचे, आणि घाबरले की थेट अहिराणीवर यायचे. आत्ता त्यांना शिकवायची लहर आली.

"हे पाहा, धूमकेतू म्हणजे धूळ आणि वायू यांचा एक गोळा. तो आपल्यापासून कोट्यवधी मैल दूर आहे. तुमच्या रतिलालच्या लग्नाशी त्याचा काडीचाही संबंध नाही."

"संबंध नई त मंग तो लगीनसराईमाच का बरं उना? पावसायामा उना असता!"

याला गुरुजींकडे उत्तर होतं, पण ते फळ्याशिवाय देता येण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "मी तुम्हाला त्याचा फोटो काढून दाखवतो. मोठा फोटो. त्यात बाई दिसली तर लग्न पुढच्या साली. नाही दिसली तर ठरल्या तिथीला. फोटो कधी खोटं बोलत नाही."

चुनीलाल पाटलांनी विचार केला. म्हसावदकडचा मोठा बागायतदार माणूस, केळीचा घड उचलायच्या आधी तो चारी बाजूंनी बघायची सवय. "कागदवर दखाडा," ते म्हणाले. "कागदवर बाई नई दिसनी त मी मानसू." आणि पाणी न पिताच गेले.

गुरुजींकडे कॅमेरा होता. जंगलखात्याचा एक साहेब बदली होऊन जाताना तिपाईसकट त्यांना विकून गेला होता. त्या कॅमेऱ्यात फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. धूमकेतू येणार हे गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हाच त्यांनी मुंबईहून एक डझन प्लेटांचा डबा मागवून कपाटात ठेवला होता, आणि घरात दवंडी पिटली होती, "या डब्याला कोणी हात लावायचा नाही. उजेडाचा एक कण जरी आत गेला, तरी सगळं वाया!"

त्याच संध्याकाळी ते तिपाई घेऊन घराच्या धाब्यावर चढले. त्याआधी कंदिलाला लाल कापड गुंडाळून डब्यातली पहिली प्लेट कॅमेऱ्यात भरली. आकाश निवळशंख होतं. दोन मिनिटं त्यांनी भिंगाचं झाकण उघडं ठेवलं आणि तेवढा वेळ स्वतःचा श्वासही कोंडून धरायचा प्रयत्न केला. खाली येऊन त्यांनी रुक्मिणीबाईंना चुलीसमोरून उठवलं, चुलीचं तोंड पत्र्यानं झाकलं, स्वयंपाकघराची दारं-खिडक्या गोधड्यांनी बंद केली आणि आपली रसायनं परातीत ओतली.

"मन्ही भाकर तव्यावर शे!" बाहेरून आवाज आला.

"जळू दे!" आतून आवाज आला. आणि थोड्या वेळानं, "उना! उना! शेपटीसकट उना!" गुरुजी अहिराणीत ओरडत होते, पण हे घाबरणं नव्हतं, आनंद होता. आनंदातही त्यांना शुद्ध मराठी सुचत नसे.

आणि इथेच माशी शिंकली. प्लेट ओली होती, उजेड लाल होता, आणि मधोमध शेपटीचा तारा बघून गुरुजींना दुसरं काही दिसेना. भोवती काही डाग आहेत असं वाटलं, पण ते म्हणाले, पाण्याचे थेंब असतील. सकाळी पहिल्या सर्व्हिस मोटारीनं त्यांनी प्लेट नंदुरबारला प्रेमचंद फोटोवाल्याकडे धाडली. सोबत चिठ्ठी: 'फोटो मोठा करून एक प्रत थेट चुनीलाल पाटलांकडे पाठवणे. उशीर करू नये.' आपण आधी एकदा बघावं, इतका धीर त्यांना नव्हता.

तिसऱ्या दिवशी चुनीलाल पाटील स्वतःच आले. हातात कागदात गुंडाळलेली फ्रेम, बगलेत नारळ. "पह्यले पानी आना, याहीन!" ते दारातूनच ओरडले. एक तांब्या प्याले, दुसरा मागितला, तोही प्याले. मग त्यांनी फ्रेमवरचा कागद काढला आणि गुरुजींच्या मांडीवर फ्रेम ठेवली.

गुरुजींचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. मधोमध धूमकेतू होता, झकास. पण त्याच्याभोवती, कंपास घेऊन काढावं तसं, बारा तेजस्वी ठिपक्यांचं एक गोल कडं होतं. आणि त्या कड्याच्या आत, धूमकेतूवरच, दोन उभ्या तिरक्या रेघा, खाली जुळलेल्या आणि वर फाकलेल्या.

"चक्र शे, याही!" चुनीलालांनी फ्रेमपुढे हात जोडले. "साक्षात चक्र! मोजी ल्या, बारा आरा शेतस. आनि मझार दखा, गंध! वैष्णवनं उभं गंध! देवनी त्या झाडूले कोंडी टाकं. निस्त्या डोयाले दिसस नई, पन तुम्हना फोटोमा दिसनं! तुम्ही म्हने ना, फोटो खोटं बोलस नई?"

"हे पाहा, याही, हे चक्र वगैरे..." गुरुजींनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी रुक्मिणीबाईंनी त्यात साखर घातली. चांगली मूठभर. "लगीन ठरेल तारीखलेच ना?" त्यांनी चुनीलालांना विचारलं.

"बारा तारीखलेच! आते कोन थांबाडी?"

गुरुजी साखर गिळेपर्यंत व्याही बैलगाडीत बसले होते.

लग्न वाचलं. घरात आनंदीआनंद झाला आणि गुरुजींनी मात्र अंथरूण धरल्यासारखं तोंड केलं. शास्त्रीय पद्धतीनं काढलेल्या फोटोत देव येतो म्हणजे काय! त्यांनी कॅमेऱ्याचा भाता उन्हात धरला, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि आत कुठं भोक आहे का ते बघत तासभर बसले. घामानं निथळले, पण भोक सापडलं नाही. भिंग पुसलं. विहिरीचं पाणी गाळून बघितलं. स्वतःच्या बोटांचे ठसे कागदावर उमटवून ते ठिपक्यांशी ताडून पाहिले. शेवटी त्यांचा संशय रुक्मिणीबाईंच्या हळदीवर गेला, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही, कारण माणसाला विज्ञान प्रिय असलं तरी जेवणही लागतंच.

इकडे नंदुरबारला प्रेमचंदनं एक प्रत स्वतःच्या दुकानाच्या काचेत लावली होती. मिरची विकायला आलेले लोक गाड्या सोडून तिथं येऊन हात जोडत, दोन-दोनदा शिंकत आणि प्रत मागत. तळोद्यातही घरोघरी चक्र पोचलं. शेजारच्या भुरीबाईनं तर तुळशीपाशी लावलं आणि रोज सकाळी गुरुजी दिसले की तिनं त्यांच्याच पाया पडायला सुरुवात केली. अमावस्येला नवा माठ घ्यायला जिला वीस वर्षांत गुरुजींना पटवता आलं नव्हतं, ती भुरीबाई!

हेही त्यांनी सोसलं असतं. पण वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला आले. प्रश्न होता, 'धूमकेतूचे वर्णन करा.' सतरा मुलांनी लिहिलं होतं, 'धूमकेतूला एक शेपूट असते व त्याच्याभोवती बारा तारे असतात.' एकानं पुढे कंसात लिहिलं होतं, 'पाहा: आपल्या गुरुजींचा फोटो.' गुरुजींनी लाल पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. चूक म्हणावं तर पुरावा त्यांचाच होता.

"बस झालं," ते रुक्मिणीबाईंना म्हणाले. "ते कडं आकाशात आहे की माझ्याकडे, एवढं तरी मला कळलंच पाहिजे." संध्याकाळी त्यांनी दुसरी प्लेट लावून पुन्हा धूमकेतू काढला. कडं पुन्हा आलं, थोडं फिकं. सकाळी त्यांनी तिसरी प्लेट लावली, आकाशाकडे पाठ केली आणि समोर जे होतं त्याचा फोटो घेतला. समोर भुरीबाईची म्हैस होती.

दुपारी फोटो सुकला. म्हैस रवंथ करत होती. तिच्या डोक्याभोवती बारा ठिपक्यांचं कडं होतं, आणखी फिकं, पण होतं. आणि दोन शिंगांच्या मधोमध गंध.

रुक्मिणीबाईंनी फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला. "ओ माय! हाऊ फोटो कोन्हाले दखाडू नका. नई त सकायपासून त्या म्हैसले बी हारफुलं चढतीन, आनि भुरीबाई दूध देवानं बंद करी टाकी."

"म्हणजे कडं आकाशात नाही!" गुरुजी शाळेच्या मराठीत गरजले. "कडं प्लेटांवर आहे. पहिलीवर जास्त, दुसरीवर कमी, तिसरीवर त्याहून कमी. म्हणजे ते वरून खाली झिरपत गेलेलं आहे. पण बंद डब्यात काय झिरपेल?"

सरला पापडाचं पीठ मळत होती. हात पुसून तिनं फोटो हातात घेतला, तिरका केला, सरळ केला. "दादा, हाई गंध नई शे," ती बापाला म्हणाली. "म्हैसना कपायवर अकरा वाजी पाच मिन्टं व्हयनात."

गुरुजींनी ठिपके मोजले. बारा. चार ठिपके जरा जाड: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एक रेघ आखूड, एक लांब. मग ते सावकाश वळले.

"सरलानी माय," ते म्हणाले, "जवाईसाठे लिधेल घड्याय कोठे शे?"

नवरदेवाला लग्नात घड्याळ द्यायचं, हा रिवाज. रुक्मिणीबाईंच्या भावानं होळीला सुरतेहून आणून दिलं होतं. अस्सल रेडियमचं, अंधारात चमकणारं. व्याह्यांना आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून रुक्मिणीबाईंनी ते कुठंतरी लपवलं होतं. कुठं, ते गुरुजींनी विचारलं नव्हतं.

रुक्मिणीबाईंनी कपाट उघडलं आणि बोट दाखवलं. प्लेटांच्या डब्यावर रुमालाची एक चपटी पुरचुंडी होती.

"माझ्या डब्यावर?" गुरुजींचा आवाज चिरकला. "तीनदा डबा काढला, मला दिसली कशी नाही?"

"तिन्ही टाइमले डबा मीच काढी दिधा ना तुम्हले, पुरचुंडी बाजूले करीसन. आनि परत ठी दिधी."

"पण जागा सापडली ती हीच?"

"तुम्हीच म्हने ना, ह्या डबाले कोनी हात लावानं नई? ज्याले कोनीच हात लावस नई, तेन्हासारखी भरोसानी जागा घरमा दुसरी कोठे शे?"

यात खोट काढायला जागा नव्हती. "बरं, पण हे पालथं का घातलंस?"

"दिवाबत्तीना टाइमले कपाट उघाडं, त मझार हिरवा हिरवा डोया चमकी ऱ्हायनात! मले वाटनं मांजर घुसनी. मंग दखं त घड्याय. म्हनं, हाई का आसं रातभर टवकारी दखी ऱ्हाई? करी दिधं पालथं."

गुरुजींनी पुरचुंडी सोडली. सव्वा महिना ते घड्याळ डब्यावर तोंड खुपसून पडलं होतं. किल्ली नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी अकरा-पाचला बंद पडलं असणार. आणि आकड्यांवरच्या, काट्यांवरच्या रेडियममधून न दिसणारे किरण रात्रंदिवस पुठ्ठ्यातून, काळ्या कागदातून खाली जात होते आणि एकेका प्लेटवर आपली सही करत होते. कोट्यवधी मैलांवरचा धूमकेतू नंतर आला आणि नेमका त्या सहीच्या मधोमध बसला.

"मी चुनीलालांना सांगणार," ते म्हणाले.

"काय सांगशात?" रुक्मिणीबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "लगीन व्हई जाऊ द्या. मंग सांगा, गावमा भोंगा लाईसन सांगा. आते सांगं त याही म्हनतीन, चक्र खोटं, झाडू खरा. जातीन पुढला सालवर. पोरनं काय?"

गुरुजींची लाल पेन्सिल कानावर तशीच होती. सतरा मुलं एकीकडे, एकुलती एक मुलगी दुसरीकडे. एवढं अवघड गणित त्यांनी कुणाला कधी घातलं नव्हतं.

"दादा, सांगी टाका," सरला म्हणाली. तिचे हात पुन्हा पिठात गेले होते. "चक्रना भरोसावर मी सासरले जाऊ का? उद्या तठे म्हैस अटनी, का केळी आडवी व्हयनी, त म्हनतीन चक्र फिरनं, सून वंगाळ शे. लगीन मन्हासंगे करानं शे का घड्यायसंगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी सर्व्हिस मोटारीत बसले. रुक्मिणीबाई शेजारी बसल्या, म्हणाल्या, "तुम्ही सांगशात ते सांगा. मी निस्तरासाठे येस."

चुनीलाल पाटलांच्या घरी चक्र भिंतीवर होतं, हार घातलेलं. त्यांच्या बायकोनं, शांतीबाईंनी, नुकतीच उदबत्ती लावली होती. गुरुजींनी पाणी घेतलं नाही. "पानी पिधं त बोलानं ऱ्हाई जाई," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली. घड्याळ, डब्याचं झाकण, काळा कागद आणि म्हशीचा फोटो. मग शाळेच्या मराठीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता सांगून टाकलं. सांगून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं आणि लगेच फार भीती वाटली.

चुनीलाल पाटलांनी म्हशीचा फोटो बराच वेळ बघितला. मग झाकण हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवलं.

"डबा बंद व्हता?" त्यांनी विचारलं.

"बंद होता."

"त्यान्हावर काया कागद?"

"होता."

"कंदील, दिवा?"

"अंधार. कपाटही बंद."

"कोनी हात लावा?"

"कोणीही नाही."

"आनि हाई किरन तुम्ही दखात?"

"ते डोळ्यांना दिसत नसतात."

"दिसतस नई." चुनीलालांनी मान हलवली. "म्हंजे बंद कपाटमा, बंद डबामा, अंधारामा, कोनी हात ना लावता, न दिसनारा किरन पुठ्ठामाईन आरपार ग्यात आनि चक्र काढी उनात. आनि तो झाडू इतला मोठा आकाशमाईन उना तो बराबर त्यान्हाच मझार सापडना. आनि तुम्ही मले सांगी ऱ्हायनात, यामा चमत्कार काहीच नई?"

वीस वर्षं गुरुजी वर्गात वाचत आले होते, 'रेडियममधून अदृश्य किरण बाहेर पडतात.' मुलं ते वहीत उतरवून घेत, गुरुजी पुढचा धडा काढत. या वाक्याचं कुणाला नवल वाटल्याचं त्यांना आठवेना. स्वतःलाही नाही. आज केळीच्या बागेतला एक माणूस डब्याचं झाकण हातात धरून आ वासून बसला होता, आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर होता.

"चमत्कार आहे," गुरुजी हळूच म्हणाले. "पण देवाचा नाही. रेडियमचा."

"आनि हाई घड्याय कोनासाठे लिधेल?"

"रतिलालसाठी. लग्नात द्यायला."

चुनीलाल पाटील ताडकन उठले. "ऐकं का ओ!" त्यांनी आत हाक मारली. "चक्र देवनं नई शे, आपला रतिलालनं शे! लगीनना पह्यलेच त्यान्हा घड्यायनी झाडूले बांधी टाकं! असं नशीब कोन्हं ऱ्हास का?" शांतीबाई धावत आल्या आणि त्यांनी घड्याळावर हळदकुंकू वाहिलं. घड्याळात अजून अकरा वाजून पाच मिनिटंच झाली होती.

रुक्मिणीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मोडायला आणलेलं लग्न त्यांच्या डोळ्यांसमोर आणखी घट्ट बसलं होतं. "मंग बारा तारीखले..." त्या म्हणाल्या.

"बारा तारीख कशाले?" चुनीलाल म्हणाले. "प्रेमचंद सांगे, तो तारा रोज फिक्का पडी ऱ्हायना. बारा तारीखपावत तो ऱ्हावाव नई. बांधेल चोर लोकेस्ले दखाडाना व्हई, त चोर शे तवलगच दखाडना पडस. तो आकाशमा शे तवलगच लगीन! चार दिनवर आखाजी शे. आखाजीले मुहूर्त दखाना लागस नई. मांडव सकाय टाका!"

रुक्मिणीबाईंचा हात छातीवर गेला. चार दिवस! पापड ओले होते. पत्रिकेवर बारा तारीख छापून झाली होती. आचारी दुसरीकडे गुंतलेला. पाहुणे सुरत, भुसावळ, कुठंकुठं विखुरलेले. आणि सरलाची माहेरची शेवटची आखाजी, अक्षय्य तृतीयेचा झोक्याचा सण! झोका लिंबाला बांधून झाला होता, मैत्रिणी यायच्या होत्या, आणि पोरगी झोक्यावरून थेट बोहल्यावर जाणार? त्यांनी गुरुजींना कोपरानं असं ढोसलं की ते सतरंजीवर एक वीत पुढे सरकले.

"याही, चार दिवसांत तयारी होणार नाही," गुरुजी म्हणाले.

"मी चाळीस मानसं धाडस."

"पत्रिका..."

"तारीख खोडी टाका."

"आचारी..."

"मन्हा शे."

गुरुजींनी खगोलशास्त्राचा आधार घेऊन पाहिला, की तारा उघड्या डोळ्यांना नाही दिसला तरी दुर्बिणीतून महिनाभर दिसेल. चुनीलाल म्हणाले, वऱ्हाडाला दुर्बिणी कोण वाटणार? गुरुजींनी हात जोडले. चुनीलालांनी ते हात प्रेमानं आपल्या हातात घेतले. मागून रुक्मिणीबाईंचं कोपर दुसऱ्यांदा आलं. गुरुजींना घाम फुटला, शाळेची मराठी पार सुकून गेली, आणि वीस वर्षांत जे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते बाहेर पडलं.

"याही," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तसं दखं त... शेपटीना तारा थोडा वंगाळच ऱ्हास. आकाशमा तो शे तवलग लगीन नकोच. मन्ही आजी बी आसंच म्हने. जाऊ द्या ना त्याले एकदाव, मंग बारा तारीखले लावूत."

चुनीलाल पाटील हसायला लागले ते थांबेनात. शांतीबाईही पदराआड हसू लागल्या. डोळे पुसत चुनीलालांनी गुरुजींच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली.

"काय याही!" ते म्हणाले. "तुम्ही शिकेल-सवरेल मानूस, पोरेस्ले विज्ञान शिकाडतस, आनि असल्या गोठी मानतस?"